छत्रीवाली मुकादमीण

माझं अक्षर चांगलं नाही. काना-मात्रा चुकतात, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला चौथीतही कळलं नव्हतं. चौथीनंतर कुणी शिकवलं नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली ठेवायचं आहे. तरी कधी कुणाच्या हाती पडलं तर म्हणून आधीच माफी मागून ठेवते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. लिहिताना तसं होत नाही, म्हणून लिहिते.

लिहायचं आहे ते आमच्या काकूंबद्दल. काकू म्हणजे नात्यातल्या नव्हेत, आमच्या मुकादमीण.

दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे दहा-बारा कोयते जमवायचे, ठेकेदाराकडून त्यांच्यासाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे आणायचे, ते वाटायचे आणि हंगामभर टोळीच्या कामातून ते फेडून घ्यायचे, हे मुकादमाचं काम. कुणी मधेच निघून गेलं तर त्याची उचल मुकादमाच्या बोकांडी बसते. म्हणून मुकादम बहुतेक पुरुष असतो आणि बहुतेक आवाज चढवूनच बोलतो. आमच्या मुकादम बाई होत्या, आणि ऐन थंडीत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, त्या काळी छत्री घेऊन उसाच्या फडात यायच्या.

छत्री त्यांच्या नवऱ्याची. कपिलधारच्या यात्रेला गेले होते तेव्हा त्यांनी घेतलेली, लाकडी मुठीची. एका श्रावणात त्यांनी सगळ्यांना उचल वाटली आणि दसऱ्याच्या आतच ते गेले. ठेकेदार घरी आला आणि म्हणाला, "बाई, टोळी दुसऱ्याला देतो, तुमी सुटल्या." काकू म्हणाल्या, "माज्या घरातनं उचल वाटलीय, माज्याच घरातनं फिटंल." आणि नवऱ्याची छत्री बगलेत मारून त्या ट्रकमध्ये पुढं बसल्या.

त्या पहिल्या साली मी टोळीत नवी होते. काकू नवऱ्यासारख्या वागायला गेल्या. त्यांच्यासारख्या शिव्या, त्यांच्यासारखं बांधावर उभं राहून ओरडणं. छत्री हवेत नाचवायच्या. आम्ही बायका खाली मान घालून तोडायचो आणि गडी एकमेकांकडं बघून हसायचे. टोळीत एक म्हातारे होते, त्यांना सगळे आबा म्हणत. ते एक दिवस कोयता खाली ठेवून सरळ उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "वरडून ऊस तुटला आसता तर कोयत्याला धार कशाला लावली आसती?"

मला वाटलं, आता म्हातारा जातो घरी. काकू बांधाच्या पार टोकाला जाऊन पाठमोऱ्या बसल्या, दुपारपर्यंत. संध्याकाळी चुली पेटल्या तेव्हा त्या आमच्या कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांच्या, मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"आज माजं काय चुकलं ते सांगा," म्हणाल्या.

कोण सांगणार? ज्याच्या हातात उचल त्याला चूक सांगायची असते का? शेवटी आबाच म्हणाले, "सकाळधरनं लई वरडलीस."

"मंग काय करू? तुमी उनं वर येस्तोवर कोपीतनं निघत न्हाई..."

"बघ, लगीच उलटलीस. आसं केल्यावर कोन सांगंल गं तुला?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पुन्हा आल्या. पण या वेळी मिश्रीची डबी घेऊन. "आज माजं काय चुकलं?" असं विचारलं आणि बोटानं भरपूर मिश्री दातांना लावून तोंड मिटून बसल्या. मिश्रीनं तोंड भरलेलं, बोलायची सोयच नाही. ज्याला जे सांगायचं ते सांगून होईपर्यंत त्या नुसत्या बघत राहायच्या. राग आला तर कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, ते दिसायचं. सगळ्यांचं झालं की उठून लांब जाऊन थुंकायच्या, चूळ भरायच्या आणि परत येऊन एवढंच म्हणायच्या, "बरं."

हे त्यांनी पुढं कधी सोडलं नाही. शेजारच्या टोळ्यांमधली माणसं मुद्दाम बघायला यायची, आज मुकादमीण बोलणी खाते म्हणून. काकूंना त्याची लाज नव्हती. "मेंढरांमागं वाढलेली मी," त्या म्हणायच्या. "मेंढरू पायात काटा घेऊन चालतंय पन सांगत न्हाई. मानसाला तोंड दिलंय तर सांगू द्या की."

त्यांचं माहेर मेंढपाळाचं. लग्नात बापानं मेंढ्या दिल्या होत्या, त्यांचा कळप झाला होता. तो भावाकडं असायचा. हंगाम संपवून गावी आलो की काकू आधी घरी जायच्या नाहीत, भावाच्या मेंढवाड्यावर जाऊन एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून यायच्या.

सकाळी त्या कुणाला हाक मारून उठवत नसत. ज्याला उशीर व्हायचा त्याच्या कोपीच्या दारात बसून कानसीनं आपला कोयता घासत राहायच्या. त्या आवाजानं दात शिवशिवायचे. माणूस उठून बाहेर यायचाच, वर पुन्हा काकू त्याच्याकडं बघतसुद्धा नसत.

आणि कुणाला बोलायचं असलं तर सगळ्यांदेखत कधीच नाही. "चल रं, पाण्याला जाऊ," असं म्हणायच्या. बाई असो का गडी, दोघांनी दोन घागरी घ्यायच्या आणि लांबच्या विहिरीवर जायचं. जाताना काकू बोलायच्या, येताना तो माणूस बोलायचा. परत येईपर्यंत काय ते मिटलेलं असायचं. काय बोलणं झालं ते कुणाला कळत नसे, पण डोक्यावर घागर घेऊन येणारा मिशीवाला गडी सगळ्यांना दिसायचा. आमच्यात बापू म्हणून एक तरणाताठा तोडकरी होता, फार बोलका. तो एकेकाला चिडवायचा, "काय बे, काल पाण्याला नेलतं म्हनं तुला? पदर घ्यायचा की डोक्यावर." मग एक दिवस त्याचाच नंबर लागला. चांगला तासभर लागला त्यांना. बापू घागर घेऊन आला तो चार दिवस कुणाला काही बोलला नाही.

मला त्यांनी कधी पाण्याला नेलं नाही. नेलं असतं तर बरं, असं मला वाटायचं. माझ्यासाठी त्यांनी वेगळंच काढलं होतं. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. उसाच्या वजनाची पावती आली की दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या. कुणीतरी सांगितलं की मी चौथी शिकले आहे. त्या माझ्या चुलीपाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला येत न्हाई. शिकव."

मी घाबरले. म्हटलं, "काकू, मी काय शिकविणार?"

"तुला येतंय, मला न्हाई. एवढंच हाय त्यात."

मी चुलीतली राख पसरून त्यावर बोटानं आकडे काढून द्यायची. सात आणि नऊ त्यांना फार दिवस सारखेच वाटायचे. चुकलं की स्वतःच हसायच्या, राख सपाट करायच्या आणि पुन्हा काढायच्या. माझ्या आईच्या वयाची बाई माझ्यासमोर मांडी घालून बसायची आणि मी "आसं न्हाई, काकू" म्हणायची. मी कुणाला "आसं न्हाई" म्हटल्याचं मला तरी दुसरीकडं कुठं आठवत नाही.

आता छत्रीचं सांगते. दर सोमवारी काकू छत्री टोळीतल्या एकाच्या हातात द्यायच्या. ज्याच्याकडं छत्री, तो त्या आठवड्याचा मुकादम. कोणी कुठल्या सरीला लागायचं, मोळ्या किती बांधायच्या, ट्रक कुठं लावायचा, सगळं त्यानं ठरवायचं. काकू स्वतः तो सांगेल तिथं जाऊन तोडायच्या. आज कुठला फड ते सांगायला कारखान्याचा चिटबॉय मोटारसायकलवर यायचा, तो लांबूनच हसत ओरडायचा, "छत्री कुनाकडं हाय आज?" ठेकेदार म्हणायचा, बाईला येड लागलंय. काकू म्हणायच्या, "कळपाला म्होरक्या आसतोच. पन पानी कुटं हाय ते समद्या मेंढरांस्नी ठावं पायजे. म्होरक्या मेला तर काय समद्यांनी तानेलं मरावं?"

ऊन लागलं तर छत्री उघडायची मुभा होती, पण कुणी उघडत नसे. बापूनं मात्र त्याच्या आठवड्यात उघडली आणि तिच्याखाली उभा राहून हुकूम सोडू लागला.

त्याच आठवड्यात ते घडलं. दोन भावांची शेतं एकमेकांना लागून होती, मधे फक्त बांध. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कारखान्याची चिठ्ठी होती धाकट्याच्या उसाची. बापूनं घाईघाईत टोळी बांधाच्या अलीकडं घातली, थोरल्याच्या शेतात. आणि तो ऊस कारखान्याला जायचाच नव्हता, त्यानं बेण्यासाठी, म्हणजे नव्या लागणीसाठी, राखून ठेवलेला होता. उन्हं चढली तेव्हा थोरला धावत आला. त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग जे फुटले ते इथं लिहीत नाही.

बापूनं छत्री मिटली आणि पाठीमागं लपवली. काकू पुढं झाल्या.

"दादा, चूक टोळीची हाय आन टोळी माजी हाय. काय बोलायचं ते मला बोला."

त्यानं बोलून घेतलं. काकू ऐकत राहिल्या. तो दमल्यावर म्हणाल्या, "तुमच्या सऱ्या पाडलेल्या दिसत्यात. लागन कवा करनार?"

"पुढल्या पंधरवड्यात. तुमाला काय करायचं?"

"तोडलंय तर बेनंच होऊ द्या की. ह्या उसाच्या कांड्या आमी करतो, लागन आमी करून देतो. मजुरी नको. फकस्त पानी तुमी सोडा."

तसंच झालं. रोज धाकट्याच्या फडातलं काम उरकल्यावर थोडा थोडा वेळ आमची सगळी टोळी थोरल्याच्या सऱ्यांत कांड्या दाबत होती. थोरल्याच्या बायकोनं शेवटच्या दिवशी सगळ्यांना भाकरी आणि वांग्याचं कालवण दिलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या संध्याकाळचं. काकू मिश्री लावून बसल्या. कुणी काही बोलेना. चूक बापूची होती, काकूंची कशी म्हणणार? बापू तर कोपीच्या आत जाऊन बसला होता. आणि माझं काय झालं कुणास ठाऊक, मी बोलले.

"काकू, सकाळी तुमी बांधावरचा हद्दीचा दगड बगितला होता. मी तुमच्या मागंच होते. तुमी थबकल्या. तुमाला कळलं होतं. तुमी बोलल्या न्हाई."

माझे मालक माझ्याकडं असे बघायला लागले जणू त्यांच्या शेजारी दुसरीच बाई बसली आहे. काकूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या उठल्या, थुंकून आल्या. आल्यावर "बरं" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं हाय. छत्री त्याच्याकडं व्हती, म्हनलं आपुन बोललो तर पोराचं पानी जाईल. आन त्या पायी दुसऱ्याचं बेनं गेलं." मग म्हणाल्या, "उद्यापासनं छत्री कुनाकडं बी आसू द्या. ज्याला चूक दिसंल त्यानं थांबा म्हनायचं. मग लेकरू आसलं तरी समद्यांनी थांबायचं."

लोक म्हणतात मुकादमपण रक्तात असावं लागतं. मी तर ते त्यांच्या अंगावर सालोसाल चढताना बघितलं. दर वर्षी त्यांचं बोलणं थोडं कमी झालं आणि टोळीचं वाढलं.

त्याच्या पुढच्या हंगामात मला दिवस होते. माझं पहिलं मूल असंच फडात गेलं होतं, मोळी उचलताना. या वेळी सातवा लागला आणि अंगावरून जायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, बाळंत होईपर्यंत पाठ जमिनीवरून उचलायची नाही, नाहीतर दोघं जाल. मी कोपीत पडून राहिले आणि मालक एकटेच अर्धा कोयता म्हणून जाऊ लागले. रोज खाडे पडत होते, उचल तशीच अंगावर.

काकू संध्याकाळी आल्या. मालकांना म्हणाल्या, "उद्या हिला घिऊन घरी जा."

मालक म्हणाले, "काकू, निम्मा हंगाम बी झाला न्हाई. उचल?"

"उचल माज्याकडं लागली."

"तुमच्याकडं कशी काय? ठेकेदार..."

"ठेकेदाराशी माजं बोलनं झालंय. तू तिला हितं ठिवून काय उचल फेडनार हायस? तिच्या पोटातलं फेडनार?"

सकाळी काकूंनी मला ट्रकच्या पुढच्या सीटवर वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, बिछाना करून दिला. डायव्हरला म्हणाल्या, "खड्डा आला की आदी पोरीला इचार, मग गाडी घाल." त्या फक्त एवढं बोलल्या. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकू लागले तर ओरडल्या, कितीतरी वर्षांनी ओरडल्या, "वाकू नगं म्हनलंय ना तुला!"

मुलगी झाली. जगली. आता बारावीला आहे.

हंगाम संपवून टोळी आली तेव्हा काकू लेकरू बघायला आल्या. मालकांनी उचलीचा विषय काढला तर म्हणाल्या, "ठेकेदारानं सोडली. लेकराकडं बघून सोडली. मिटलं तुमचं." ठेकेदार अशी उचल सोडतो, हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. पण ते खरं असावं असं आम्हाला फार वाटत होतं, म्हणून ते आम्हाला खरं वाटलं.

पुढच्या दसऱ्याला काकूंची टोळी निघाली नाही. गुडघे धरलेत, आता होत नाही, असं त्या म्हणाल्या. मेंढरांचं विचारलं तर, भावाला देऊन टाकली. त्या केजच्या पलीकडं एका वस्तीवर लेकीकडं राहायला गेल्या. टोळी बापूकडं गेली. आम्हीही बापूबरोबर गेलो.

बापूनं सुरुवातीला काकूंसारखंच करायचं ठरवलं. संध्याकाळी येऊन विचारायचा, "बोला, आज माजं काय चुकलं?" पण तो मिश्री लावत नसे. कुणी काही सांगितलं की त्याचं लगेच सुरू व्हायचं, "आरं, पन त्याचं कारन काय हाय..." सगळी कारणं बरोबर असायची. आठ-पंधरा दिवसांत सांगणारे संपले. मग तो म्हणू लागला, बघा, कुनाची तक्रारच न्हाई. काही वर्षांनी त्यानं टोळी सोडली, आता परळीला वीज केंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकवर असतो. भेटला की अजून हसवतो.

त्यानंतर बायकांनी मला पुढं ढकललं. मी नको नको म्हणत होते. पण वजनाच्या पावत्या मीच वाचत होते, आणि मालक म्हणाले, बोलायचं मी बघतो, ठरवायचं तू ठरव. अशी मी मुकादम झाले. पहिल्यांदा ठेकेदाराकडं उचल आणायला गेलो तेव्हा मी मालकांच्या मागं उभी होते. पैसे देता देता ठेकेदार मालकांना म्हणाला,

"एक ध्यानात ठिवा. तुमच्याकडं ती छत्रीवाली बाई व्हती न्हवं? दोन मानसं मधीच घरी धाडली आन त्यांची उचल भरायला समदी मेंढरं इकली तिनं. एक न्हाई ठिवलं. मी म्हनलं, टोळीवर वाटून घ्या, तर न्हाई म्हनली. पुढल्या सालची उचल द्यायला मग जामीन काय व्हता तिच्याकडं? आसलं मुकादमपन करू नका."

मालकांच्या हातातले पैसे तसेच राहिले.

"कुनाची उचल व्हती?" मी विचारलं. मी ठेकेदाराशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"आसंल कुनाची तरी. मला काय ठावं?"

घरी येईपर्यंत मला सारखी भावाच्या वाड्यावर पाठीवरून हात फिरवणारी बाई दिसत होती. गुडघे धरले म्हणाल्या तेव्हा त्या आमच्या उंबऱ्यावरून टणकन उठून गेल्या होत्या. ते मी बघितलं होतं आणि माझ्या मनात काहीच आलं नव्हतं.

तो हंगाम संपल्यावर आम्ही केजला उतरून जीपनं त्यांच्या वस्तीवर गेलो. काकू अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. वाळून गेल्या होत्या. लेक चांगली आहे, पण घर जावयाचं. काकू पाणी मागतानासुद्धा हळू आवाजात मागत होत्या. आम्ही रुमालात बांधलेले पैसे पुढं ठेवले.

"कसलं ह्ये?"

"उचल, काकू. आमची."

"कुटली उचल? मला न्हाई आठवत." मग रुमालाकडं बघून हसल्या. "पैशे नकोत. द्यायचंच आसंल तर माजी मेंढरं आन. ती चांदव्या कपाळाची आदी आन, ती लई गुनाची व्हती."

आम्ही रुमाल परत घेऊन आलो.

दुसऱ्या वर्षीही तेच. "न्हाई म्हनलं ना. कावून येताव उगा भाडं खरचून?" मालक बाहेर जाऊन उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग एकदम राग आला.

"काकू, ह्ये तुमचं चुकलं."

त्यांनी मान वर केली. आता त्यांचे दात पडले होते, मिश्री सुटली होती. तोंड मोकळं होतं.

"काय चुकलं?"

"टोळीला सांगितलं आसतं तर थोडं थोडं वाटून गेलं आसतं. मेंढरं ऱ्हायली आसती. टोळी ऱ्हायली आसती. रोज समद्यांस्नी इचारत व्हत्या, काय चुकलं, काय चुकलं. आन ह्येच तेवढं झाकून ठिवलं."

"आन तू?" त्या एकदम म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला उलट उत्तर दिलेलं हे पहिलंच. "तू कुटं ऱ्हायली आसतीस? समद्यांनी तुज्याकडं बगितलं आसतं तवा त्यांस्नी उचलच दिसली आसती. तोंड उघडायला लागली व्हतीस तू. पुन्ना कदी उघडलं आसतंस?"

"ते आमी बगितलं आसतं. तुमी आमाला बगूच दिलं न्हाई."

त्या सुपातली ज्वारी उगाच इकडून तिकडं करत राहिल्या. लेकीनं चहा आणला, तो आम्ही प्यायलो. निघालो तेव्हा त्या काठी टेकत रस्त्यापर्यंत आल्या. तेव्हा खोटं सांगितलेले गुडघे आता खरंच गेले होते. जीप आली. मी चढणार तेवढ्यात त्यांनी हात पुढं केला.

"आन ते. रुमालात काय आनलंय ते."

तेव्हापासून दर हंगामानंतर जमेल तेवढे देत आलो. त्यांच्यापाशी बसलं की फडातलं सगळं सांगायचं, कोण भांडलं, कोण पळालं, मी काय ठरवलं. मी एकदा म्हटलं, "काकू, यंदा आमच्यासंगं चला. नुसत्या कोपीत बसून ऱ्हावा." तर म्हणाल्या, "बसून ऱ्हायला मी काय देव हाय?" पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांची टोळी मोडली त्याच वर्षी विचारायला हवं होतं, गुडघे चालत होते तेव्हा. तेव्हा मी मुकादम नव्हते, आणि मला काही माहीत नव्हतं, असं मी मनाला सांगते. मन ऐकत नाही.

यंदा पाऊस लागायच्या आधी गेलो. उचलीतले थोडेच द्यायचे राहिले होते. मी निघतानाच त्यातले काही वेगळे बांधून ठेवले होते, पुढच्या वर्षी यायला काही उरावं म्हणून. काकूंनी नोटा मांडीवर घेतल्या, एकेक सरळ केली, ओठ हलवत मोजल्या. सातावर थांबल्या नाहीत, नवावर थांबल्या नाहीत. मग माझ्याकडं बघितलं.

"उरलेले कुटं हायेत?"

"पुढल्या साली देते, काकू."

"आनलेत का न्हाई?"

मला खोटं बोलता आलं नाही. पिशवीत होते. मालकांनी माझ्याकडं आश्चर्यानं बघितलं, त्यांनाही मी सांगितलं नव्हतं.

"दे," काकू म्हणाल्या. "दर साली दारात देनेकऱ्यावानी उबी ऱ्हातीस, मला न्हाई आवडत. दे समदे."

मी पिशवीतून काढून दिले. त्यांनी तेही मोजले, आधीच्यांत मिळवले, सगळ्यांची मिळून एक घडी केली आणि कमरेच्या पिशवीत घातली. पिशवीची नाडी मी ओढून दिली.

"बरोबर हायेत का?" मी विचारलं.

अजून थोडे राहिले, असं त्या म्हणाल्या असत्या तर मला किती बरं वाटलं असतं.

"बरोबर हायेत," त्या म्हणाल्या. "समदे आले."